हॅनाफर्डबाईंच्या फाटकात

गाडी लावावी तर क्लेम टॅपस्कॉटनं! इंग्लंडमधल्या डेव्हनच्या त्या टापूत हे कुणीही सांगेल, आणि कुणी नाही सांगितलं तर क्लेम स्वतः सांगेल. शनिवारी घोडेस्वार आणि शिकारी कुत्री माळावर सुटली की त्यांच्या मागे मोटारींचा एक तांडा निघतो. ज्यांचे गुडघे आता घोड्यावर बसू देत नाहीत, ज्यांना घोडा परवडत नाही, आणि ज्यांना थर्मासमधला चहा पीत दुर्बिणीतून दुसऱ्याची धावपळ बघायला आवडते, अशी ही मंडळी. तिथल्या गाडीवाटा म्हणजे दोन उंच मातीच्या बांधांमधली चिंचोळी घळ. समोरून एखादी मेंढी आली तरी आता मागे कुणी सरायचं, हा प्रश्न उभा राहतो. अशा वाटेवर गाडी कुठे थांबवायची, कुणाला आधी जाऊ द्यायचं, याचं एक शास्त्र आहे, आणि कित्येक वर्षं त्या शास्त्राचा एकच आचार्य होता.

सगळ्यांनी गाड्या एकाच बाजूला लावायच्या, म्हणजे दुधाचा टँकर जाईल. थांबल्याबरोबर इंजिन बंद, कारण धुरानं वास मोडतो आणि कुत्री गोंधळतात. शेतकरी दिसला की हात वर करायचा, मग तो शिव्या देत असला तरी. वाट मोकळी असली की खिडकीतून हात काढून मागच्याला हलवून दाखवायचं, म्हणजे तो खुशाल येतो. आणि काहीही झालं, आभाळ कोसळलं, तरी कुणाच्या फाटकात गाडी लावायची नाही. क्लेम स्वतः आपली जुनी हिरवी गाडी बांधाला अशी चिकटवायचा की गाडी आणि काटेरी कुंपण यांच्या मधून पोस्टकार्ड सरकलं नसतं. मग खाली उतरून दोन पावलं मागे जाऊन तो ती बघायचा. नवं लग्न झालेला नवरासुद्धा बायकोकडे इतक्या कौतुकानं बघत नाही.

दुसरं म्हणजे क्लेमचं नाक. खऱ्या कोल्ह्यामागे कुत्री सोडणं कायद्यानं बंद झाल्यापासून सकाळीच एक जण वासाची चिंधी दोरीला बांधून रानातून ओढत नेतो आणि कुत्री त्या मागावर धावतात. माग कुठून कुठे गेलाय ते मोटारवाल्यांना कुणी सांगत नाही. क्लेमला मात्र ते कळायचं. वाऱ्याकडे बघायचा, ओल्या गवतावर बूट घासायचा, आणि म्हणायचा, "ओढ्याकडं." आणि कुत्री ओढ्याकडं! त्यामुळे क्लेमची गाडी हलली की सगळा तांडा हलायचा. एकदा तो नुसता आडोशाला जायला म्हणून निघाला होता, तर मागे नऊ गाड्या आल्या.

अशा माणसाला डावलून या हंगामात मोटारवाल्यांच्या बंदोबस्ताची पिवळी पट्टी शिकारीच्या समितीनं कुणाच्या दंडावर बांधली? तर डेस्मंड फेअरब्रदरच्या! हा गृहस्थ तीन वर्षांपूर्वी रेडिंगकडून आलेला. नोकरीत असताना ड्रायव्हिंगची परीक्षा घ्यायचा. उभं आयुष्य लोकांना नापास करून निवृत्त झालेला. उंच, शिडशिडीत, हातात तपकिरी कातडी मोजे, आणि बोलणं असं मऊ की शिवी दिली तरी समोरचा आभार मानील. क्लेमला त्याचे मोजे आवडत नसत. त्याचा थर्मास आवडत नसे. तो "सुप्रभात" म्हणायचा, तेही क्लेमला आवडत नसे.

हे सगळं एक वेळ त्यानं गिळलं असतं. पण गेले तीन शनिवार म्युरिएल, म्हणजे क्लेमची लग्नाची बायको, डेस्मंडच्या निळ्या गाडीत बसत होती.

"का पण?" क्लेमनं पहिल्या शनिवारी विचारलं होतं.

"त्या गाडीत बसायला बरं वाटतं," म्युरिएल म्हणाली आणि बटाटे सोलायला लागली.

बरं वाटतं! बरं वाटतं म्हणजे काय? त्या दोन शब्दांनी क्लेमची झोप उडाली. हिरव्या गाडीत काय वाईट वाटत होतं? तिच्यात कुत्र्याचा वास यायचा, कबूल. पण कुत्रं मेल्याला सहा वर्षं झाली होती. तो आरशात बघायला लागला. एक दिवस त्यानं कातडी मोज्यांची किंमतही विचारून पाहिली, आणि दुकानदाराला उगाच खडसावून परत आला.

तर त्या शनिवारी गावच्या हिरवळीवर नेहमीप्रमाणे सगळे जमले. घोडे फुरफुरत होते, कुत्री लोकांच्या हातातल्या, मांस भरलेल्या पॅस्ट्यांकडे आशेनं बघत होती. डेस्मंड एका दगडावर चढला.

"मित्रहो, एकच विनंती," तो मऊ आवाजात म्हणाला. "गाड्या एका बाजूला. थांबल्यावर इंजिन बंद. आणि फाटकं मोकळी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! क्लेमच्या अंगाचा तिळपापड झाला. शब्दन् शब्द त्याचा होता. हेच तो वर्षानुवर्षं सांगत आला होता, तेव्हा हीच माणसं पॅस्टी चघळत दुसरीकडे बघत होती.

"आणि आज हॅनाफर्डबाईंच्या गाडीवाटेत कुणीही जायचं नाही," डेस्मंड पुढे म्हणाला. "गेल्या महिन्यात बाहेरगावच्या कुणीतरी त्यांच्या फाटकात गाडी लावली. गाय अडली होती आणि जनावरांचा डॉक्टर बाहेर ताटकळत राहिला. बाईंनी कळवलंय, पुन्हा एकदा असं झालं तर त्यांची जमीन आपल्याला बंद."

सगळे गंभीर झाले. हॅनाफर्डबाईंची जमीन बरोबर मधोमध. ती बंद झाली तर इकडची कुत्री तिकडे जाणार कुठून? सगळा खेळच आटोपला.

क्लेमचं मात्र या भाषणाकडे अर्धंच लक्ष होतं. तो बघत होता म्युरिएलकडे. ती निळ्या गाडीत बसली होती आणि तिच्या मांडीवर केकचा पत्र्याचा डबा होता. तो डबा क्लेमनं अंधारातही ओळखला असता. काल रात्री घरभर दालचिनीचा वास सुटला होता, आणि त्यानं सुरी शोधायला सुरुवात केली तेव्हा म्युरिएल म्हणाली होती, "हात लावू नकोस. तुझ्यासाठी नाहीये."

आता कळलं कुणासाठी आहे.

"क्लेम, काय वाटतं आज?" एर्नी वेस्टकॉटनं शेजारून विचारलं. एर्नी म्हणजे क्लेमचा सगळ्यात निष्ठावंत अनुयायी. स्वतःच्या बुद्धीनं डावीकडे वळलेला एर्नी कुणी पाहिलेला नव्हता.

"काय वाटायचंय? वाटेल ते चाललंय," क्लेम म्हणाला.

"नाही, म्हणजे कुत्री कुठं जातील?"

क्लेमनं सवयीनं वाऱ्याकडे बघितलं. "खालच्या राईकडं. नदीच्या बाजूनं."

सगळा तांडा टेकडीवर गेला. क्लेमनं गाडी नेहमीसारखी बांधाला चिकटवली, पण आज मागे जाऊन बघितली नाही. खाली शिंग वाजलं. कुत्र्यांनी माग धरला आणि एकदम कल्लोळ केला. सगळ्यांच्या दुर्बिणी खाली वळल्या. क्लेमची दुर्बीण तेवढी निळ्या गाडीवर होती.

आणि निळी गाडी निघाली! कुत्री खाली नदीकडे, आणि निळी गाडी वर, नेमक्या उलट्या दिशेला. आत डेस्मंड, शेजारी म्युरिएल, मांडीवर डबा. कुणाला दिसू नये म्हणून की काय, अगदी हळू, आवाज न करता. डेस्मंड तशीच चालवायचा नेहमी, पण ते क्लेमला आत्ता आठवलं नाही.

तो धाडकन गाडीत बसला. हिरवी गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा सुरू झाली.

"क्लेम निघाला," एर्नी म्हणाला.

"पण कुत्री तर खाली चाललीत," कुणीतरी म्हणालं.

"तुला जास्त कळतं की क्लेमला? कुत्री फिरणार असतील. डेस्मंडपण तिकडंच गेला. आपल्याला न सांगता पुढं जाऊन बसतात ही माणसं."

झालं! दारं धडाधड आपटली, थर्मासची झाकणं अर्धवट लागली, आणि सगळा तांडा क्लेमच्या मागे निघाला.

क्लेमला हे कळलं तिसऱ्या वळणावर. आरशात एर्नी. एर्नीच्या मागे लाल गाडी, तिच्या मागे पांढरी, आणि पार टेकडीपर्यंत टपांची माळ. थांबून सांगावं तर काय सांगावं? मी बायकोच्या मागावर आहे, तुम्ही परत फिरा? त्यानं खिडकीची काच खाली केली आणि हात बाहेर काढून जोरजोरात हलवला. जा, मागे जा, असं त्याला म्हणायचं होतं. पण खिडकीतून हात हलवला की वाट मोकळी आहे, खुशाल या, हे या लोकांना कुणी शिकवलं होतं? त्यानंच. एर्नी आणखी जवळ आला. क्लेमनं आणखी जोरात हात हलवला. एर्नीनं स्वतःचा हात बाहेर काढून मागच्यांना हलवला. सगळ्या तांड्यातून हात हलायला लागले.

मग क्लेमनं वेग वाढवला. यांना चुकवावं म्हणून. तांड्यानंही वेग वाढवला. क्लेम एवढा पळतोय म्हणजे कुत्री पिसाळल्यासारखी धावत असणार.

निळी गाडी पुढे डावीकडे वळली. क्लेम वळला. वळल्यावर त्याच्या लक्षात आलं की ही हॅनाफर्डबाईंची गाडीवाट. पण तोवर मागे एर्नी वळला होता, आणि त्या वाटेत एकदा नाक घातलं की गाडी फिरवायला जागा नाही. दोन्हीकडे डोक्याच्या वर बांध, त्यावर काटेरी कुंपण. निळी गाडी शेवटच्या वळणामागे दिसेनाशी झाली. हॅनाफर्डबाईंच्या अंगणात शिरली!

क्लेमनं वळणाच्या आडोशाला गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, कारण हाडात मुरलेल्या सवयी जात नाहीत. उतरला आणि वाकून वाकून कुंपणाच्या फटीशी गेला. आपण गाडी कुठे थांबवली हे त्यानं बघितलंच नाही. ती अशी आडवी उभी होती की एक चाक फाटकाच्या एका खांबाशी आणि दुसरं दुसऱ्या खांबाशी.

फटीतून अंगण दिसत होतं, आणि अंगणापलीकडे स्वयंपाकघराची मोठी खिडकी. डेस्मंड म्युरिएलला चिखलातून पलीकडे न्यायला हात देत होता. हात! मोजा घातलेला! दोघं आत गेली. खिडकीत म्युरिएल दिसली, डबा उघडताना. डेस्मंड हसत होता. म्युरिएल हसत होती. म्युरिएल अशी मान मागे टाकून हसलेली क्लेमनं कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. मग सुरी फिरली. केकचा भला मोठा तुकडा डेस्मंडच्या बशीत गेला.

"कुठं आहेत?" कानाशी कुजबुज आली. एर्नी.

"श्श," क्लेम म्हणाला.

एर्नीनं ताबडतोब श्वास रोखला, दुर्बीण काढली आणि क्लेम बघत होता तिकडे रोखली. त्याच्या मागून लाल गाडीतलं जोडपं आलं, पांढऱ्या गाडीतल्या दोघी बहिणी आल्या, निवृत्त पोस्टमास्तर आला. क्लेम एवढा दबून बघतोय, म्हणजे काहीतरी अगदी जवळ आहे. कुणी खोकलं नाही. कुणाच्या पायाखाली काटकी मोडली नाही. थोड्याच वेळात त्या कुंपणामागे पन्नासेक माणसं ओळीनं उभी होती, डोक्याला टोप्या, डोळ्यांना दुर्बिणी, आणि सगळ्या दुर्बिणी हॅनाफर्डबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर.

"मला केक दिसतोय," पोस्टमास्तर हळूच म्हणाला.

"मनुक्यांचा," दोघींपैकी एक बहीण म्हणाली.

तेवढ्यात अंगणातून भोंगा वाजला. गोठ्यामागे दुधाचा टँकर भरून तयार उभा होता. तो वळून फाटकाशी आला, आणि फाटकात हिरवी गाडी. त्यानं दुसरा भोंगा असा वाजवला की कोंबड्या छपरावर गेल्या.

हॅनाफर्डबाईंनी खिडकीतून वर बघितलं. बाईंचं वय सत्तरीच्या पुढचं. आयुष्यात त्यांनी पूर पाहिले होते, बर्फात गाडली गेलेली जनावरं पाहिली होती. पण आपल्या कुंपणावरून आपल्या टेबलाकडे रोखलेल्या एवढ्या दुर्बिणी त्यांनी पाहिल्या नव्हत्या. त्या हातातली बशी खाली न ठेवताच बाहेर आल्या. मागोमाग म्युरिएल. मागोमाग डेस्मंड, मिशीला केकचा कण.

"क्लेम टॅपस्कॉट," बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता, त्यामुळे सगळ्यांना जास्त भीती वाटली. "ही गाडी तुझी ना रे?"

क्लेमनं गाडीकडे बघितलं. फाटकाकडे बघितलं. पुन्हा गाडीकडे. तो फाटकात होता. फाटकाच्या बरोबर मध्यात. मापानं लावायची म्हटली असती तरी इतकी नेमकी लागली नसती.

"माझीच," तो म्हणाला.

"वाटेत अजून किती आहेत?"

"पार डांबरी रस्त्यापर्यंत," एर्नीनं आदबीनं माहिती दिली.

बाईंनी डेस्मंडकडे बघितलं. "आणि तुम्ही मला आत्ता काय सांगत होतात? खालचं शेत दर शनिवारी गाड्या लावायला द्या, म्हणजे वाटेत एक गाडी दिसणार नाही. म्युरिएल केक घेऊन आली, शाळेपासूनची मैत्रीण म्हणून मी हो म्हणणार होते. तोंडात घास होता म्हणून राहिलं."

क्लेमला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. केक हॅनाफर्डबाईंना! म्युरिएल आली होती डेस्मंडची ओळख करून द्यायला, कारण बाई परक्या माणसाला दारातसुद्धा उभं करत नाहीत. सगळ्या मोटारवाल्यांसाठी जागा मागायला आली होती ती. आणि क्लेमनं तिच्या मागे तीस गाड्या आणून ते सगळं मातीत घातलं होतं.

"हिनं मला सांगितलं का नाही मग," तो पुटपुटला.

"तुला सांगितलं असतं तर तू स्वतः आला असतास," म्युरिएल म्हणाली, "आणि आयव्ही हॅनाफर्डला तिचंच फाटक कसं उघडायचं ते समजावलं असतंस."

एर्नीनं क्लेमच्या कोपराला धरलं. "क्लेम, ते राहू दे. तू यांना सांग. कुत्री इकडं येणारेत म्हणून आपण आलो, हो ना? आत्ता येतील बघा, बाई. क्लेमचं चुकत नाही कधी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पन्नासेक चेहरे आशेनं क्लेमकडे वळले. आणि त्याच वेळी दरीच्या पलीकडून, लांब, खालच्या राईतून, नदीच्या बाजूनं, शिंग वाजलं. मग कुत्र्यांचा कल्लोळ. क्लेम सकाळी म्हणाला होता बरोब्बर तिथून.

आता आली पंचाईत. कुत्र्यांसाठी आलो म्हणावं, तर क्लेम टॅपस्कॉटचं नाक गेलं. सबंध हंगामातली सगळ्यात मोठी धाव चालली होती आणि त्यानं तांड्याला नेमकं पाठमोरं आणून उभं केलं होतं. आणि कुत्र्यांसाठी आलो नाही म्हणावं, तर कशासाठी आलो? क्लेमनं टोपी काढली. टोपीत बघितलं. टोपीत काही नव्हतं.

"मला ठाऊक होतं ती राईत जाणार," तो शेवटी म्हणाला. "मी म्युरिएलच्या मागे आलो."

टँकरवाल्यानं इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.

"माझ्या मागे कशाला?" म्युरिएल म्हणाली.

"तुझ्या मांडीवर केक होता."

"मग?"

"आणि याचे मोजे..." क्लेमनं डेस्मंडकडे बोट केलं. "तूच म्हणालीस, त्याच्या गाडीत बरं वाटतं. मला विचारशील तर मला ते अजिबात बरं वाटलेलं नाही. तीन शनिवार. पट्टी गेली तर गेली. पण तू पण तिकडेच जाऊन बसलीस."

डेस्मंडचे कान लाल झाले. त्यानं घाईघाईनं मोजे काढून खिशात कोंबले.

म्युरिएल नवऱ्याकडे बघतच राहिली. "अरे वेड्या," ती म्हणाली, "तू गाडी कुंपणाला चिकटवतोस."

"मग? चिकटवायलाच पाहिजे."

"तुझं दार रस्त्याकडे. माझं दार कुंपणाकडे. ते उघडत नाही, क्लेम. इतकी वर्षं मी दर शनिवारी गिअरच्या दांड्यावरून सरपटत तुझ्या बाजूनं उतरतेय. माझी कंबर गेली. माझे दोन परकर गेले. एकदा तू उतरून गाडीकडे कौतुकानं बघत होतास, तेव्हा मी आत हॅण्डब्रेकला अडकले होते. डेस्मंड आधी मला उतरवतो आणि मग गाडी बाजूला घेतो. एवढंच बरं वाटतं."

दोघी बहिणींनी एकदम सुस्कारा सोडला. लाल गाडीतल्या बाईनं आपल्या नवऱ्याकडे असं काही बघितलं की तो दुर्बिणीच्या काचा पुसायला लागला. सगळ्या जगाची सोय बघणारा माणूस! टँकरची बघितली, घोड्यांची बघितली, शेतकऱ्यांची बघितली. आणि शेजारच्या दाराचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग काहीतरी खरखरल्यासारखा आवाज आला. हॅनाफर्डबाई हसत होत्या. सराव नसल्यामुळे त्यांना ते जमत नव्हतं, पण हसत होत्या. बशीतला केक हलत होता.

"शेत घ्या," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पुढच्या शनिवारपासून घ्या. एवढी करमणूक मला टीव्हीवर होत नाही. पण आत्ता माझा टँकर बाहेर काढा, दूध नासेल."

टँकर बाहेर काढायचा म्हणजे आधी सगळा तांडा डांबरी रस्त्यापर्यंत उलटा न्यायचा. पाऊण मैल, तीन वळणं, दोन्हीकडे बांध. सगळ्यात मागच्या गाडीतल्या आजीबाईंनी शांतपणे सांगितलं की त्यांनी गाडी मागे कधी घेतलेली नाही, त्या पुढेच जात आल्या आहेत. त्यांच्या पुढच्याला मान वळवता येत नव्हती. त्याच्या पुढच्यानं प्रयत्न केला आणि तो बांधावर चढला.

डेस्मंडनं कोट काढला. एकेका गाडीत बसला आणि एकेक गाडी मागे नेली. मऊ हातानं, न थांबता, आरशात बघत, एका दमात! प्रत्येक जण उतरून त्याचे आभार मानत होता. आजीबाईंनी त्याचा गालगुच्चा घेतला. एर्नीसुद्धा, सख्खा एर्नी, जाता जाता म्हणाला, "देवमाणूस आहे, क्लेम." आणि क्लेम फाटकात आपल्या गाडीशी उभा राहून हे सगळं बघत होता, कारण तो सगळ्यात पुढे, म्हणून त्याची पाळी सगळ्यात शेवटी.

शेवटी वाट रिकामी झाली. डेस्मंड घाम पुसत त्याच्याकडे आला आणि त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला.

"काही गरज नाही," क्लेम म्हणाला. "मी गाडी चालवत होतो तेव्हा तुम्ही शाळेत असाल."

"अर्थातच," डेस्मंड म्हणाला आणि बाजूला झाला. हाताची घडी घालून उभा राहिला. परीक्षकासारखा.

क्लेम दाराशी गेला आणि थबकला. मग वळसा घालून पलीकडे गेला आणि म्युरिएलचं दार उघडून धरलं. ती बसली. तो आपल्या बाजूनं बसला, रिव्हर्स टाकला, मान वळवली आणि गाडी मागे न्यायला लागला. आणि खरं सांगायचं तर सुरेख नेत होता. पहिलं वळण चकचकीत निघालं. डेस्मंड बाजूनं चालत येत होता आणि क्लेमला त्याच्या चेहऱ्यावर नापास दिसत नव्हतं.

दुसऱ्या वळणाच्या अलीकडे म्युरिएल म्हणाली, "तीस गाड्या आणल्यास माझ्यामागे."

"मी नाही आणल्या. त्या आल्या."

"आपल्या लग्नाला चार होत्या, क्लेम. त्यातली एक भाड्याची."

क्लेमनं तिच्याकडे बघितलं. ती समोर काचेतून बघत होती, पण गाल वर गेले होते, आणि टोपीखालून सुटलेली पांढरी बट कपाळावर आली होती. ही बाई दुसऱ्याच्या गाडीत बसली तर आपल्याला गिळवत नाही, हे आता सगळ्या तालुक्याला कळलं होतं, आणि कळलं ते एक प्रकारे बरंच झालं, असं क्लेमला वाटलं. तो बघतच राहिला. आरशात बघायचं राहिलं.

गाडीचं मागचं चाक चरात गेलं. सगळी गाडी हळूच एका अंगावर कलली आणि वाटेत आडवी बसली. समोरून येणाऱ्या टँकरनं भोंगा वाजवला, या वेळी जरा थकल्यासारखा.

डेस्मंडनं काचेवर टकटक केलं. "टॅपस्कॉट, तुम्ही जरा उतरता का? वजन कमी होईल."

आता वजन कमी करायचं तर कुणाचं करायचं हा साधा हिशोब होता. म्युरिएलची कंबर धरलेली, ती काही चिखलात उतरून गाडी ढकलणार नव्हती. डेस्मंडला गाडी काढता येत होती, क्लेमला नव्हती. हे नुकतंच सिद्ध झालं होतं. क्लेम उतरला. त्यानं किल्ली तशीच राहू दिली, मागे गेला, चरात उभा राहिला आणि गाडीच्या पाठीला खांदा लावला.

मागच्या काचेतून त्याला आतलं सगळं स्पष्ट दिसत होतं. त्याच्या सीटवर डेस्मंड फेअरब्रदर, शेजारी म्युरिएल. डेस्मंड काहीतरी मऊ बोलला. म्युरिएल मान मागे टाकून हसली. मग तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"क्लेम," ती म्हणाली, "डेस्मंड म्हणतोय, जरा जोर लाव."

आणि क्लेमनं लावला.